मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा आणि आमचा सल्लागार : दोन वर्षांच्या मुक्कामानंतर

ऑगस्ट २०२२ ते जून २०२४ अशी जवळपास दोन वर्षे आम्ही उभयता मॉरिशसमध्ये राहिलो. माझे पती चिंचवडच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले होते, मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला स्थिरावली होती, आणि घरात दरमहा येणारे पैसे म्हणजे दोन सदनिकांचे भाडे, मुदत ठेवींचे व्याज, शेअर्सचा लाभांश व माझे निवृत्तिवेतन एवढेच होते. असे घरबसल्या येणारे उत्पन्न घेऊन कमी कराच्या, स्वस्त देशात जाऊन राहावे, असे सुचवणारे सल्लागार आता पुण्यातही बरेच झाले आहेत. त्यांपैकी एकाची सेवा आम्ही घेतली आणि त्याच्या मार्फत मॉरिशस सरकारचा प्रीमियम व्हिसा मिळवला. हे परीक्षण व्हिसाचे आहे आणि त्या सल्लागाराचेही आहे. व्हिसाविषयी माझे मत फार चांगले आहे, सल्लागाराविषयी तसे नाही, आणि ‘कमी कर’ हे शब्द ऐकून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक निवृत्त जोडप्याने कागद-पेन घेऊन आपला स्वतःचा हिशेब मांडावा, असे मला कळकळीने वाटते.

प्रथम व्हिसा. कोविडने पर्यटन ठप्प झाल्यावर मॉरिशसने २०२० च्या अखेरीस ही योजना आणली. मूळ मुदत एक वर्षाची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्जदाराचे उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरून येणारे आणि महिन्याला किमान १,५०० अमेरिकी डॉलर असावे लागते, मुले सोबत असतील तर प्रत्येकी ५०० डॉलर अधिक. तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरायचे नाही, ही मुख्य अट. ऑगस्ट २०२२ मध्ये १,५०० डॉलर म्हणजे आपले एक लाख वीस हजारांच्या घरात जात होते. यांचे उत्पन्न महिन्याला सरासरी १,४५,००० रुपये असल्यामुळे ते मुख्य अर्जदार झाले आणि मी त्यांची पत्नी म्हणून सोबत. पारपत्र, छायाचित्र, विवाहाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, राहण्याच्या जागेची सोय, विमान तिकीट आणि आरोग्य विमा एवढ्या कागदांवर अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. नवव्या दिवशी मंजुरीचे पत्र आले. प्रश्न विचारला गेला तो एकच, यांच्या भाडेकरारांच्या इंग्रजी प्रतींबद्दल, आणि तोही अगदी सभ्य भाषेत. सरकारी कामाचा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव पाहता हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

या व्हिसाला मॉरिशस सरकार शुल्क घेत नाही. ही गोष्ट आम्हाला कळली ती वर्षभराने. सल्लागाराने आमच्याकडून १,८०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,१२,४०० रुपये घेतले होते, आणि त्यात ‘सरकारी प्रक्रिया’ असा एक मोघम शब्द होता. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी त्याने आणखी ६०,००० रुपये मागितले तेव्हा यांनी प्रथमच सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून वाचले आणि एका दुपारी, जेवणानंतर बसून, दोघांचा अर्ज स्वतः भरला. मंजुरी तशीच आली. सल्लागाराने फसवणूक केली असे मी म्हणत नाही, कारण अर्ज भरून देण्याचे काम त्याने केलेच होते. तथापि जे काम वाचता-लिहिता येणाऱ्या कोणाही माणसाला तासाभरात जमते, त्याचे एवढे मोल सांगताना ते विनाशुल्क आहे हे लपवणे मला योग्य वाटत नाही. आणि ज्या कामासाठी तज्ज्ञाची खरोखर गरज होती, त्या कामात त्याचे ज्ञान फारच तोकडे निघाले.

ते काम म्हणजे भारतातील कर. पहिल्या बैठकीत सल्लागाराने आम्हाला एक रंगीत पुस्तिका दिली होती. मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर कर नाही, वारसा कर नाही, परदेशातील उत्पन्न देशात आणले नाही तर त्यावर कर नाही, असे तीत ठळक अक्षरांत छापले होते. यातले एकही वाक्य खोटे नाही. प्रीमियम व्हिसाधारकाने परदेशी बँकेच्या कार्डाने तिथे केलेला खर्च हा ‘आणलेला’ पैसा धरला जात नाही, हेही खरे आहे. वर्षात १८३ दिवस राहिल्यास माणूस तिथला कर-निवासी ठरतो आणि मग आणलेल्या पैशांवर शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत चढत्या दराने कर लागतो, मात्र २०२३-२४ मध्ये पहिल्या ३,९०,००० मॉरिशस रुपयांवर कर नव्हता. आमचे घरभाडे वर्षाला २,६४,००० होते आणि बँकेमार्फत आम्ही तेवढेच आणत होतो, त्यामुळे मॉरिशसला आम्ही एक पैसाही प्राप्तिकर दिला नाही. पुस्तिका इथेच संपत होती.

आमचा पैसा मात्र मॉरिशसमध्ये निर्माण होत नव्हता. तो वाकडच्या आणि नाशिकच्या सदनिकांतून, पुण्याच्या बँकांतून आणि भारतीय कंपन्यांतून येत होता, आणि भारतात निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर भारत कर घेतोच, मग धनी पुण्यात राहो की पोर्ट लुईमध्ये. एवढे तर आम्हालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की अनिवासी झाल्यावर हा कर कित्येकदा वाढतो. प्राप्तिकर कायद्यातील जी सवलत कमी उत्पन्नाच्या माणसाचा कर शून्यावर आणते, ती फक्त निवासी व्यक्तीला मिळते. २०२३-२४ साली नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी माणसाला कर भरावा लागत नव्हता. माझे करपात्र उत्पन्न त्या वर्षी ६,९०,००० रुपये होते. पुण्यात राहिले असते तर माझा कर शून्य होता. अनिवासी म्हणून मी २४,९६० रुपये भरले. २०२५-२६ पासून ही मर्यादा बारा लाखांवर गेल्यामुळे फरक आणखी रुंदावला आहे : बरोबर बारा लाख करपात्र उत्पन्न असलेला गृहस्थ कोथरूडला राहिला तर काहीही भरणार नाही, आणि तोच कमी कराच्या देशात जाऊन अनिवासी झाला तर उपकरासह ६२,४०० रुपये भरेल. निवृत्तिवेतन आणि ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्या आपल्या बहुसंख्य लोकांचे उत्पन्न याच पट्ट्यात असते. त्यांना ‘कर वाचवायला परदेशी चला’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या खिशातून पैसे काढणे आहे, आणि हे सांगताना मला राग येतो, तो मी लपवत नाही.

दुसरी चूक दिवसांच्या हिशेबाची. सल्लागाराने सांगितले होते की वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलात की तुम्ही अनिवासी झालात. आम्ही ८ ऑगस्टला निघालो, म्हणजे १ एप्रिलपासून आमचे साधारण १३० दिवस भरले होते, आणि आम्ही निर्धास्त होतो. पुढे जुलै २०२३ मध्ये विवरणपत्र भरताना आमच्या सनदी लेखापालांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, ‘‘तिकडे नोकरीला गेला होतात का?’’ निघण्याच्या वर्षातील १८२ दिवसांची सूट ही नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला आहे. नुसते राहायला जाणाऱ्या निवृत्त माणसाला त्या वर्षी ६० दिवसांचाच नियम लागतो, आधीच्या चार वर्षांत तो ३६५ दिवस भारतात राहिलेला असेल तर. म्हणजे २०२२-२३ या संपूर्ण वर्षासाठी आम्ही दोघेही निवासी होतो. परदेशात काही कमाई नसल्यामुळे कर वाढला नाही, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये क्वात्र बोर्न या आम्ही राहत असलेल्या गावच्या बँकेत उघडलेले आमचे छोटेसे खाते परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणे बंधनकारक होते. परकीय मालमत्ता न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, हे ऐकून आम्ही घाबरलो; एकत्रित शिल्लक पाच लाखांच्या आत असलेल्या बँक खात्यांना त्या दंडातून तेव्हाही सूट होती. ज्या खात्यात घरमालकाला भाडे देण्यापुरते पैसे होते, त्या खात्यापायी दहा लाखांची धास्ती. तो आठवडा यांना झोप लागली नाही. पुढच्या वर्षांसाठीही १८२ हा आकडा यांना लागू नव्हता, कारण भारतातील उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असलेल्या आणि भारतात भेटीला येणाऱ्या नागरिकाला १२० दिवसांची मर्यादा आहे. दिवाळीची आणि पुतण्याच्या लग्नाची अशा दोन फेऱ्या मिळून आमचे ७४ दिवस झाले, म्हणून निभावले.

तिसरी गोष्ट भाडेकरूची, आणि ती मला सर्वांत जास्त लागली. वाकडच्या सदनिकेत एक तरुण संगणक अभियंता आणि त्याची पत्नी राहत होते. माणसे अतिशय नीटनेटकी होती, महिन्याच्या दोन तारखेला २८,००० रुपये खात्यात येत. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो, त्यासाठी वेगळा कर-कपात क्रमांक घ्यायचा असतो आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरायचे असते. एप्रिल २०२३ मध्ये यांनी त्याला दूरध्वनीवर हे समजावून सांगितले. दरमहा ८,७३६ रुपये कापायचे, अमुक अर्ज भरायचा, तमुक तारखेच्या आत भरायचा. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मे अखेरीस घर सोडले. ‘‘काका, चूक झाली तर नोटीस माझ्या नावावर येणार,’’ असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे रास्त होते. घर तीन महिने रिकामे राहिले. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर काही अंशी परत मिळतो आणि कमी दराने कपात व्हावी म्हणून आधीच दाखलाही काढता येतो, पण हे सारे भाडेकरू शोधण्यापूर्वी करायचे असते. सल्लागाराच्या पुस्तिकेत ‘भाड्याचे उत्पन्न’ या शब्दांखाली छत्रीखाली बसलेल्या जोडप्याचे चित्र होते.

बचत खाती आहेत तशीच राहू द्या, असेही त्याने सांगितले होते. ते चूक होते. परदेशात राहायला गेल्यावर निवासी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यांत बदलून घ्यावी लागतात. आमच्या बँकेतील अधिकाऱ्याने सहज बोलताना हे लक्षात आणून दिले, नाहीतर तेही राहून गेले असते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एका ठिकाणी मॉरिशसचा करलाभ आम्हाला खरोखर झाला. भारत आणि मॉरिशस यांच्यातील दुहेरी करटाळणी करार १९८२ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर भारतातून मिळणाऱ्या व्याजावर मॉरिशसच्या निवाशाला ७.५ टक्के हाच कमाल दर आहे. यांच्या एनआरओ ठेवींवर वर्षाला सुमारे तीन लाख रुपये व्याज येत होते आणि बँक त्यावर ३१.२ टक्के, म्हणजे ९३,६०० रुपये कापणार होती. मॉरिशसच्या महसूल विभागाकडून कर-निवासाचे प्रमाणपत्र मिळवून ते दहा-एफ या अर्जासह बँकेला दिल्यावर कपात २२,५०० वर आली. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाने कागद मागितले ते एकदाच आणि काम केले तेही एकदाच. हा लाभ पुस्तिकेत नव्हता. तो आमच्या लेखापालांनी शोधला, आणि त्यांचे शुल्क सल्लागाराच्या शुल्काच्या दहाव्या हिश्शाएवढेही नव्हते.

आता स्वस्ताईविषयी. मॉरिशसचा रुपया त्या काळात आपल्या सुमारे एक रुपया ऐंशी पैशांना पडत होता. क्वात्र बोर्नमध्ये दोन शयनगृहांची, सामानासह असलेली सदनिका आम्हाला महिना २२,००० मॉरिशस रुपयांना मिळाली. वाणसामान आणि भाजीपाला १४,००० च्या आसपास, वीज, इंटरनेट, बस, मेट्रो, कधीमधी बाहेरचे खाणे, औषधे असे सगळे धरून महिन्याचा खर्च ५२,००० पर्यंत जाई, म्हणजे आपले ९३-९४ हजार रुपये. पुण्यात स्वतःच्या घरात आम्ही पंचावन्न हजारांत याहून ऐसपैस राहतो. युरोपातून येणाऱ्या निवृत्ताला हा देश स्वस्त वाटेल यात शंका नाही, पण भारतातून जाणाऱ्याला तो स्वस्त नाही. बेटावर ऊस पिकतो, भाज्या पिकतात, मासळी मिळते, बाकी बहुतेक सारे जहाजातून येते, आणि ते किमतीत दिसते. ताज्या दुधाची सवय आम्हाला सोडावी लागली, तिथे घरोघरी दुधाची पावडर वापरतात. पेट्रोल लिटरला सत्तरीच्या आसपास होते, तिथले सत्तर. जुन्या मोटारीसुद्धा इतक्या महाग आहेत की आम्ही मोटारीचा विचार सोडून दिला, आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही, कारण बस सर्वत्र जाते आणि पोर्ट लुईपासून क्यूरपिपपर्यंत मेट्रो आहे. ती लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे, हे यांनी तिथल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितले.

घर कुठे घ्यावे याविषयी सल्लागाराने उत्तरेकडील समुद्रकिनारा सुचवला होता. तिथे पर्यटक असतात, भाडी चढी असतात आणि उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चमध्ये, घाम आटत नाही. मधल्या पठारावर हवा वेगळी. क्यूरपिप इतके पावसाळी आहे की तिथल्या भिंतींवर बारा महिने शेवाळ असते आणि जुलैमध्ये स्वेटर लागतो. क्वात्र बोर्न मधल्या उंचीवर आहे, बाजार मोठा आहे, भाजीवाल्या बायका मेथीला मेथी आणि कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणतात, आणि रस्त्यावर दाल पुरी मिळते. ही दाल पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणावी अशी पातळ, मऊ पोळी असते. आत डाळीचे कोरडे सारण, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि चटणी. विकतात ती नेहमी जोडीने, कागदात गुंडाळून, आणि वीस-पंचवीस रुपयांत पोट भरते. पहिल्या आठवड्यात सुट्टे पैसे मोजताना नोटेवर भारतीय लिप्यांतली अक्षरे दिसली तेव्हा आम्ही दोघेही रस्त्यात थांबून नोट उलटसुलट करून पाहत राहिलो होतो.

चक्रीवादळाविषयी मात्र आधी वाचून जावे. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ बेटाजवळून गेले. तिथे इशाऱ्यांचे चार वर्ग असतात आणि कोणत्या वर्गाला काय करायचे हे पाचवीतल्या मुलालाही पाठ असते. आदल्या दिवशी शेजारणीने आमच्या न्हाणीघरातल्या बादल्या स्वतः भरून ठेवल्या, गच्चीतल्या कुंड्या आत घेतल्या, मेणबत्त्या दिल्या आणि खिडकीच्या काचांपासून दूर झोपा म्हणून बजावले. दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पाण्याचा लोंढा मोटारी वाहून नेत असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसत होती. आमची वीज तीस तास गेली होती. भीती वाटली, हे खरे आहे, पण लोकांची शिस्त पाहून ती बरीच ओसरली.

या शेजारणीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण मॉरिशस निवडण्याचे जे कारण कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही ते तिच्या घरात होते. तिला आम्ही मावशी म्हणत असू. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईच्या बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेले. १८३४ पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साधारण पाच लाख हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला या बेटावर उतरले. बोटीतून उतरून ज्या सोळा दगडी पायऱ्या ते चढले, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर आजही आहेत आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांतले थोडे आपले, मराठी होते. मावशी घरात क्रेओल ही तिथली बोली बोलतात, मुलांशी फ्रेंच, आणि मराठी त्यांना तुटक येते, पण भाद्रपदात आरती सुरू झाली की त्यांचा एक शब्द चुकत नाही. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मावशींच्या अंगणात मंडप होता, मोदकांच्या वाफेने स्वयंपाकघराच्या काचा धुरकट झाल्या होत्या, आणि संध्याकाळी पंधरा-वीस पुरुष पायात घुंगरू बांधून गोल धरून झाकरी नाचले. कोकणात आपण जाखडी म्हणतो तीच ही. यांचे बालपण खेडजवळचे. ढोलकीचा तो ठेका ऐकून ते उठले आणि कोणी न बोलावता त्या गोलात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी समुद्रावर विसर्जनाला मावशींनी माझ्या हातात मूर्तीपुढची वाळू दिली आणि म्हणाल्या, ‘‘तू ताजी आलीस गावावरून, तू ठेव.’’ शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका या गावातील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. मी काही काळ आठवड्यातून एकदा मावशींच्या नातवंडांना वाचायला शिकवत असे, अर्थात विनामूल्य, कारण व्हिसाची अट तशी आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

आरोग्य विम्याबाबत सल्लागाराने आमचे मोठे नुकसान केले. त्याने घेऊन दिलेली पॉलिसी प्रवास विम्याची होती आणि तिची मुदत १८० दिवसांची होती. मार्च २०२३ मध्ये यांना मूतखड्याचा तीव्र त्रास झाला तेव्हा ती संपलेली होती. खासगी दवाखान्याने दाखल करून घेण्यापूर्वी अनामत मागितली आणि दोन रात्रींचे बिल आम्ही खिशातून भरले. उपचार उत्तम झाले, डॉक्टर बंगळूरला शिकलेले होते आणि यांच्याशी हिंदीत बोलले. परंतु साठीच्या माणसाला बारा महिने लागू राहणारा, आधीपासूनच्या आजारांसह मिळणारा विमा हवा असतो, आणि तो शोधण्यासाठी जाण्यापूर्वी दोन महिने हाताशी ठेवावेत. या बाबतीत आम्ही सल्लागाराला लेखी तक्रार केली. त्याने चाळीस हजार रुपये परत केले, चूक मान्य केली नाही.

दहा वर्षांचा निवास परवानाही मॉरिशस देते, पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्तांना, ठरावीक रक्कम नियमितपणे तिथल्या बँकेत आणण्याच्या अटीवर. ३,७५,००० डॉलर किंवा अधिक किमतीचे घर मान्यताप्राप्त प्रकल्पात घेतल्यासही निवासाचा हक्क मिळतो. आमच्यासारख्यांनी यांपैकी कशाकडेही पहिल्या दिवशी जाऊ नये असे मला वाटते. प्रीमियम व्हिसा विनाशुल्क आहे, वर्षभराचा आहे, आणि न आवडल्यास घर बंद करून परत येता येते. त्यासाठी पुण्यातले घर भाड्याने न देता कुलूपबंद ठेवणे आम्हाला परवडले, तसे ते प्रत्येकाला परवडेलच असे नाही.

जून २०२४ मध्ये सासूबाई आजारी पडल्या म्हणून आम्ही परतलो. त्या आता बऱ्या आहेत. या मार्चमध्ये आम्ही पुन्हा प्रीमियम व्हिसाचा अर्ज भरला, स्वतःच, आणि बाराव्या दिवशी मंजुरी आली. वाकडच्या नव्या भाडेकरूचा कर-कपात क्रमांक आधीच काढून झाला आहे, कमी दराच्या कपातीचा अर्ज लेखापालांकडे आहे, विमा पूर्ण वर्षाचा घेतला आहे. तिकिटे २० मे ची काढली आहेत, म्हणजे १ एप्रिलपासून मोजले तर पन्नास दिवस होतात. मावशींचा परवा दूरध्वनी आला होता. मूर्तीसाठी माती भिजवायच्या आत पोहोचाल ना, असे विचारत होत्या.